पंचवीसपैकी सहा

पाळकीणबाईंनी चर्चमध्ये कागद वाटले:
कोणाला कोणतं कृपादान, ते ज्याचं त्यानं शोधायचं.
एक ते पाच, गोल करा, खाली बेरीज.
मी प्रामाणिकपणे गोल केले,
इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी मोजते तसे.
सेवा: तेवीस. पाहुणचार: एकवीस.
शिकवणं: सहा.
पंचवीसपैकी.

खरं सांगते, हायसं वाटलं.
कीथलीत सोळा वर्षं झाली, तरी अजून
बसवाल्याला थांबा सांगण्याआधी
मी मनात वाक्य जुळवून घेते.
तेव्हा आपली चहाची खोली बरी. किटली, दूध, आल्याची बिस्किटं.
तिथल्या खिडकीतून टेकडी दिसते,
टेकडीवर ओली मेंढरं.

वर्ग मिसेस सटक्लिफचा. एकोणचाळीस वर्षं.
एक कापडी फलक, त्यावर चिकटणारी कापडी माणसं,
त्यातल्या एका संदेष्ट्याला पाय उरलेला नव्हता.
तिला फार बोलता येत नसे.
ती प्रश्न विचारायची आणि थांबायची.
इतकी थांबायची
की भिंतीपलीकडे चहा ओतता ओतता
माझाच हात थांबायचा.

जानेवारीत ती बर्फावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं.
फोनवर म्हणाली, "रूथ, सात पोरं आहेत. फलक कपाटात आहे."
म्हटलं, मला सहाच गुण आहेत.
"मी तो कागद भरलाच नाही," ती म्हणाली.

धडा होता हरवलेल्यांचा: मेंढरू, नाणं, मुलगा.
इंग्रजीत तिघांनाही एकच शब्द.
मी तो एकदा वाचला, दोनदा वाचला,
तिसऱ्यांदा अडखळले.
सात चेहरे. हीटर कुरकुरत होता.
म्हटलं, थांबा. माझ्या भाषेत असं नाही म्हणत.
मेंढरू चुकतं. मान खाली घालून चरता चरता
वाट चुकतं, त्याला कळतही नाही.
नाणं पडतं. त्याचा काय दोष,
कुणाच्या तरी हातून सुटतं.
आणि मुलगा निघून जातो,
स्वतःच्या पायांनी, दार ओढून घेऊन.

फ्रेयानं शब्द तोंडात घोळवून पाहिले:
चुक्टा, पड्टा, जाटो.
पोरं हसली. मीही हसले.

मग आयझॅक, जो कधीच बोलत नाही,
कोटाची चेन वरखाली करत म्हणाला,
"माझे बाबा यातला कोणता शब्द?"

एक गोड वाक्य जिभेवर आयतं आलं होतं.
गिळलं.
थांबले.
खिडकीवर गारा. कुणीतरी नाक ओढलं.
थांबूनच राहिले,
पोटात गोळा आलेला,
आणि मनात आलं, एकोणचाळीस वर्षं, दर रविवारी,
त्या बाईला किती भीती वाटली असेल.

"आधी पडले असतील," आयझॅक म्हणाला.
"मग गेले."

तोवर टोबीला वेगळंच सुचलं होतं:
मेंढराला शोधायला गेले, नाण्यासाठी घर झाडलं,
मुलाला शोधायला कुणीच का नाही गेलं?
बाप नुसता वाट बघत का बसला?

संगमनेरच्या देवळात चटईवर बसून
पहिल्यांदा ऐकली ही गोष्ट, तेव्हापासून
किती वेळा ऐकली, आणि हे मला
दिसलं नव्हतं.
म्हटलं, माहीत नाही रे.

बुधवारी पाळी संपल्यावर लाँड्रीतून वर वॉर्डात गेले,
सगळं सांगितलं.
तिनं डोळे मिटूनच विचारलं, "किती वेळ थांबलीस?"
"बराच."
"हं."
"आणि टोबीला काय सांगू?"
"मलाही ठाऊक नाही," म्हणाली.
"त्यालाच परत विचार. आणि ही उशी जरा वर घे."
घेतली.
अभ्रा आमच्याच लाँड्रीतला होता,
कोपऱ्याला इस्त्री नीट बसली नव्हती.