दोन खुणांमधलं अंतर

तुटेपर्यंत ताणू नये,
असं आपल्याकडे थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय.
द्राहोमीराला पगार मिळतो तो
तुटेपर्यंत ताणण्याचाच.

ओस्त्रावात, आंबवलेल्या कोबीच्या सूपाचा वास येणाऱ्या
जिन्याखाली तळघर, तळघरात हिरवं यंत्र:
दोन जबडे, एक तबकडी, दोन काटे.
काळा काटा भार दाखवतो.
लाल, काळ्याने कुठवर मजल मारली
ते लक्षात ठेवतो.

आजचा नमुना कारविनाकडच्या खाणीतला.
माणसांना खाली नेणाऱ्या पिंजऱ्याच्या कडीतून कापून
लेथवर घोटलेली कांडी, मध्ये करंगळीएवढी.
तिच्यावर ती सुईने दोन खुणा करते.
अंतर पन्नास मिलिमीटर.

खाण हिवाळ्यातच बंद झाली.
पिंजरा आता संग्रहालयात उभा राहणार.
"मग कुणासाठी मोजतेस?" ओटाकारने विचारलं,
एक हात कोटात घालत.
"फॉर्म आलाय," ती म्हणाली.

आधी काहीच होत नाही.
म्हणजे होतं, पण भार काढला की कांडी मागे येते,
पुन्हा पन्नासावर. कुणाला सांगून पटणार नाही
की हिला कधी ओढलं होतं.
वडलांचे खाणीतले पहिले बारा हिवाळे
असेच गेले असावेत.

मग एका जागी काटा थबकतो.
यंत्र ओढतंय, भार वाढत नाही,
आणि चकचकीत अंगावर तिरप्या
निस्तेज रेघा उठतात.
इथून पुढे सोडून दिलं तरी परतणं नाही.
पुस्तकात याला नमणं म्हणतात.
द्राहोमीराला शब्द पटत नाही. नमल्यानंतरच तर
लोखंड हट्टाला पेटतं,
केसभर वाढायलाही आधीपेक्षा जास्त ओढ मागतं.

वडलांचा लोकरी स्वेटर दारामागच्या खुंटीला
टांगलेला असायचा. ते गेल्यावर काढला,
तर मानेखाली खुंटीचं टोक उमटलेलं.
दोनदा धुतला. गेलं नाही.
स्वेटरला असं वजन ते किती!
ताणायला दरवेळी यंत्र लागत नाही,
नुसतं विसरून टांगून ठेवलं तरी होतं.

आता कांडीने मान टाकली.
एकाच जागी बारीक होत चाललीय,
काळा काटा मागे सरकतोय, तरी ती लांबतेच आहे.
लाल काटा आपल्या आकड्यावर,
बोलावलेल्या साक्षीदारासारखा.

आवाज फार मोठा नसतो.
शेजारच्या घरात कपाट मिटल्याएवढा.

तुकडे हातात घेते. तुटलेली जागा गरम,
ताप असलेल्या मुलाच्या कपाळाएवढी.
एका तुकड्याला वाटी, दुसऱ्याला टेकाड.
वाटीत टेकाड अलगद बसवते,
अंगठ्यांनी दाबून धरते,
आणि दोन खुणांमधलं अंतर मोजते.

चौसष्ट.

किती सोसलं ते असंच कळतं इथे:
तुटल्यावर, कुणीतरी जोडून धरलं तर.

शेऱ्याचा रकाना एरवी ती कोरा सोडते.
आज लिहिलं: माणसं नेण्यास योग्य.
खाली तारीख, सही.
वर कुणीतरी सूपाचं पातेलं घासतंय.
लाल काटा शून्यावर आणायला
ती अजून उठलेली नाही.