प्रश्न क्रमांक सात

रविवारी प्रशिक्षण होतं, मल्हारगंजच्या शाळेत,
दुसऱ्या मजल्यावर, पंखा फिरतो पण वारा येत नाही त्या खोलीत.
बंगळुरूहून आलेला मुलगा, माझ्या धाकट्याच्या वयाचा,
पडद्याकडे बोट करून म्हणाला,
आजची मुलं उद्या जी कामं करतील
त्यातली निम्मी अजून जन्मालाच आलेली नाहीत.
मागून खासनीस सरांनी विचारलं,
न जन्मलेली मोजली कोणी?
सगळे हसले. तोही हसला, बरा होता पोरगा.
चहा आला, शेव आली,
आणि मी वहीत लिहिलं : निम्मी.
खाली दोन रेघा मारल्या. का, ते कळलं नाही.

चौतीस वर्षं भूगोल शिकवते आहे.
सोव्हिएत संघ शिकवला, मग पुसला.
नऊ ग्रह पाठ करून घेतले,
मग एकाला हात धरून वर्गाबाहेर काढलं.
मध्य प्रदेशचा नकाशा काढायला लावला
आणि एका नोव्हेंबरात त्याचा अख्खा कोपरा निघून गेला;
माझ्या जुन्या टाचणवहीत बस्तर अजून आपल्याकडेच आहे.
बदलाची तयारी म्हणतात ती एवढीच केली मी :
डस्टर जवळ ठेवलं.

मंगळवारी निबंध तपासायला घेतले,
‘माझ्या घराजवळची नदी’.
अडतीस वह्या. सदतीस वह्यांत नदी जीवनदायिनी,
काठावर हिरवळ, पाखरांची किलबिल,
आणि मात्रेची एक चूक नाही.
ज्या मात्रांसाठी मी घसा फोडला
त्या अशा आल्या, फुकट, एका रात्रीत.

मुबश्शिराची वही सात ओळींची.
कोपऱ्यात तेलाचा डाग, ‘नदी’ची वेलांटी चुकलेली.
आमची खिडकी कान्हवर उघडते, तिने लिहिलं होतं,
म्हणून ती उघडत नाही.
अब्बू म्हणतात पाणी वाढलं की वास कमी होतो.
मी पाहिलं.
वास कमी होत नाही, पुढच्या मोहल्ल्यात जातो.

गुणांच्या तक्त्यात बसवलं तर तिला दहापैकी चार.
सदतीस जणांना नऊ.
रात्री साडेअकरापर्यंत लाल पेनाचं टोपण
उघडलं आणि लावलं.

सकाळी पावणेसातला कचऱ्याची गाडी गात गात आली.
शेजारचे रेटरेकर वकील डबा घेऊन खाली उतरले,
जे जन्मात कोणाचं ऐकत नाहीत ते.
त्यांना कधी काळी पाचवीतल्या एका पोरीने हटकलं होतं,
अंकल, सेल इथे नाही, तिकडे.
या शहराला ओला-सुका कळला तो असा, खालून वर.
तिला कोणी शिकवलं होतं, असं मी म्हणणार होते;
पण आम्हीच शिकवलं होतं की,
प्रार्थनेनंतर, रांगा लावून, तीन डबे समोर मांडून.
विसरलेच होते.

प्रश्नपत्रिका शुक्रवारी द्यायची होती.
सातवा प्रश्न दरवर्षीचा : खनिजांचे चार उपयोग लिहा.
चार सेकंदांत येतात, पाचवा मागितला तर तोही.
तो खोडला. लिहिलं :
तुमच्या खिडकीतून दिसणारी अशी एक गोष्ट सांगा
जी पुस्तकात वेगळी सांगितली आहे.
बरोबर कोण, आणि ते तुम्ही कसं ठरवलं?

मुख्याध्यापकांचा फोन आला. मॅडम, आदर्श उत्तर?
म्हटलं, माझ्याकडे नाही.
अहो, कोरं कसं पाठवू वर?
म्हटलं, दोन ओळी मोकळ्या सोडा, आम्ही सोडतो तशा, मुलांसाठी.
ते गप्प राहिले. बहुतेक काढून टाकतील.

आणि नाही काढला, तरी सदतीस जण फोनलाच विचारतील,
माझ्या खिडकीतून काय दिसतं?
आणि तो सांगेल. नम्रपणे, मुद्देसूद, हिरवळीसकट.

म्हणजे परीक्षेआधी एकदा
वर्गाची नाल्याकडची खिडकी उघडावी लागणार.
माझ्या आठवणीत ती कधी उघडली नाही, कडी गंजली आहे.
सियागंजातून तेलाची छोटी बाटली आणायची,
असं ‘निम्मी’च्या खाली लिहून ठेवलं.