उरेब

टेप गळ्यातच राहिला होता, सवयीनं.
विश्रामबागच्या त्या गारेगार दुकानात
पोरगा म्हणाला, ताई, इंच असे मोजतात,
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, तिरके.
म्हटलं, उरेब म्हण की.
तो हसला. त्याला उरेब माहीत नव्हतं.
वीस वर्षं मी कापड उरेब कापतेय.
उरेब ताणतं, अंगाला छान बसतं,
आणि कापड जास्त खातं.
म्हणजे इथंही तेच.

भिशीचे अठ्ठावीस हजार होते.
अस्तराचे सत्तर ब्लाऊज. साधे धरले तर शंभरावर.
मगदूम वहिनींचे त्यात धरायचे नाहीत,
त्या पैसे दिवाळीला देतात, कुठल्या ते सांगत नाहीत.

हे म्हणाले, त्रेचाळीस घे, नावाजलेली कंपनी आहे.
पोरगा म्हणाला, शून्य टक्क्यांवर हप्ते करा, पासष्ट न्या.
शून्य टक्के, आणि फाइलचे नऊशे नव्याण्णव.
मी भिंतभर चाललेले मासे बघत होते.
सगळ्या टीव्हींत एकच मासा,
स्वस्तातल्या टीव्हीत जरासा हिरवट.

घरी आठवडाभर भिंतीवर पेपर चिकटवून ठेवला होता,
तीन मापांचा, एकावर एक.
अण्णा उंबऱ्याजवळच्या खुर्चीवर बसतात, लांब.
कबड्डीचा स्कोअर त्यांना दिसत नाही.
तसं ते म्हणत नाहीत.
म्हणतात, किती झालं गं, माझा जरा डोळा लागला होता.

कोपऱ्यात एक होता. पंचावन्न.
दुकानात वर्षभर मांडून ठेवलेला, कंपनीचं नाव कुणाला न येणारं.
पोरगा आकडा मोठ्यानं बोलला
आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो.
त्या रात्री गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी असंच ओरडलं होतं,
आयर्विनला पंचावन्न!
ते फूट होते.
पाणी उंबऱ्यावर, लाईट गेलेली,
हात चार आणि माळ्यावर जागा एका वस्तूची.
टीव्ही अण्णांचा, रिटायर झाल्यावर घेतलेला,
वर लोकरीचं कव्हर घातलेला.
त्यांनी बॅटरी माझ्या मशीनवर धरली.
म्हणाले, भूपाल, हे उचल.
पुन्हा त्यावर कोणी बोललेलं नाही.

अठ्ठावीसला दिला त्यानं, घासाघीस करून.
रिमोटचं झाकण नव्हतं. मी खोका मागितला.
डिस्प्लेचा आहे ताई, खोका कुठला?
कुठलाही दे म्हटलं, या मापाचा. मिळेपर्यंत बसून राहिले.

बसवायला तौफिक आला.
नजरेसमोर पाहिजे, म्हणाला, नाहीतर मान धरते.
मी भिंतीवर बोट ठेवलं.
तीन वेळा रंग दिला तरी ती रेघ वर येते,
चहाच्या डागासारखी. चोपन्न इंच.
म्हटलं, खालची कड याच्या वर.
त्यानं का ते विचारलं नाही.
आमच्यात एवढं होतं, म्हणाला,
आणि हात कपाळाला लावला.
मग साठ इंचावर भोक पाडलं.

हे म्हणतात, देवाला बघितल्यासारखं बघायचं का आता?
मासे हिरवटच आहेत. आवाज डब्यातून आल्यासारखा.
परवा मी काज करत होते,
खुर्चीतून अण्णा म्हणाले, सत्तावीस-चोवीस.
कुणी विचारलं नव्हतं.
थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, अठ्ठावीस.
माझी सुई दोनदा चुकली.

रात्री सगळे झोपल्यावर स्टूल घेतलं,
खोका माळ्यावर चढवला, मशीनची जागा सोडून.
टेप लावून बघितला.
सरळ बसत नाही.
उरेब बसतो.