उसने की भेट

कसबा बावड्याच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
मध्यस्थ बाईंनी कागद पुढं सरकवला.
डावीकडं येणं, उजवीकडं देणं,
मध्ये पट्टी न लावता मारलेली रेघ,
खाली येता येता त्याच्या बाजूला झुकलेली.

लेथ घेताना माझ्या दादांनी तीन लाख दिले होते.
फंडाचे. चेकनं.
उद्यमनगरात मशीन उतरवलं त्या दिवशी
अभिनंदननं खोबऱ्याचा पहिला तुकडा
त्यांच्याच हातावर ठेवला.
कागद करूया का, असं विचारलंही होतं त्यानं.
दादाच म्हणाले, आपल्या आपल्यात कसला कागद?

आता त्याचा वकील म्हणतो, लेकीला दिले, म्हणजे भेट.
माझा म्हणतो, जावयाला दिले, म्हणजे उसने.

मग पान उलटतं.
माझ्या ऑपरेशनला त्याच्या इंदुआत्यानं
भिशीतले दोन लाख दहा हजार दिलेले.
तिथं त्याचा वकील म्हणतो, उसने,
आणि माझा, चष्मा पुसत, भेट.

तुम्ही स्वतः काय म्हणता, बाई विचारतात.

मी काय म्हणू.
स्ट्रेचरवरून मला दिसली होती ती,
रबर लावलेली पुडकी पोटाशी धरून
काउंटर उघडायची वाट बघत.
व्याज नाही, मुदत नाही.
"बरी हो, मग बघू," एवढंच बोलली.
'बघू'ला कायद्यात काय म्हणतात, मी विचारलं.
दोन्ही वकील हसले. पहिल्यांदाच एकदम.

खाली पार्किंगजवळच्या बाकावर आत्या.
साक्षीला बोलावलं म्हणून मंगळवार पेठेतून केएमटीनं आलेली,
पिशवीत भडंगाच्या दोन पुड्या,
एक त्याची, एक माझी.
मी बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून.
"आत्या, वर विचारतायत. काय सांगू?"

पुडीचा दोरा दातानं तोडत म्हणाली,
"भेट म्हण, न्हाईतर उसनं म्हण.
मी तिसरा नंबर उचललो होतो, सहा हप्ते ऱ्हायल्यात.
बाराला सात हजार.
त्या बायकांना काय सांगू,
आमच्यात काडीमोड झाला म्हणून?"

भडंगात लसूण जास्त होता.
मी फोन काढून बघितलं,
बारा तारीख गुरुवारी येते.

शिपायानं जिन्यातून हाक दिली, "मगदूम!"
मी उठले.
पलीकडं गाडीला टेकलेला तो सरळ झाला.
आणि आत्यानंही मान वर केली,
तिच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली
तरी.