टेकू

धायरीत, फर्निचरवाल्याच्या शेजारच्या शेडमध्ये
माझी गाडी विटांच्या थप्प्यांवर उभी आहे.
पाइपांची चौकट मी वेल्ड केली,
फायबरचं अंग भोसरीहून टेम्पोत आलं,
रंग अजून नाही.
इंजिन पाठीमागे, सीटच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये,
अपघातात गेलेल्या एका हॅचबॅकचं.
विमावाल्यांनी खडूने लिहिलेला आकडा
मी पुसलेला नाही.

एकतीस वर्षं आकुर्डीत गियरचे दात कापले.
ते पुढे कुणाच्या हाताशी जोडले जातात
हा प्रश्न माझ्या मशीनपर्यंत कधी आला नाही.
आता आलाय.

कारण केबलला कोण सांगणार, इंजिन हललंय म्हणून?
ती लिव्हरपासून सवयीने पुढेच निघते,
डॅशबोर्डखाली पोचते, तिथे कोणी नाही,
मग वळसा घेऊन दाराच्या कडेने मागे येते.
मूळची जोडी पुरली नाही.
जुन्या बाजारात रविवारी मिनीबसची मिळाली,
विकणारा म्हणाला, ही घाट चढलेली आहे.
जणू ते तिला आठवत असेल.

चैत्राली मागे आडवी, टॉर्च दातांत.
आयटीआयचं शेवटचं वर्ष, शनिवारी येते.
"पहिला टाका, काका."
टाकला.
"रिव्हर्स पडला."
पाचवा.
"दुसरा."
तिसरा.
टॉर्च काढून तिने तोंड पुसलं.
"चौथा. पण चुकलेलं काही नाही हं,
सगळं अगदी नीट उलट आहे."

एक वळसा, बस.
मी म्हटलं, राहू दे, पाठ करीन.
साठाव्या वर्षी माणूस उलटं पाठ करू शकतो.
"आणि मी चालवायची तेव्हा?"

तिला चालवायची आहे
हे मला त्या क्षणी कळलं.

मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, सायकलचे दोन आरे,
मधोमध एक टाचणी.
वरचं टोक पुढे ढकललं,
खालचं मागे आलं.
काटकोन नाही, स्प्रिंग नाही, हिशोब नाही,
मध्ये टेकू दिला की झालं.
मी कागदावर तीन रात्री काढल्या होत्या.
त्या कागदांवर आम्ही वडापाव खाल्ले.

सहा मिलीमीटरची पट्टी, दोन नग.
नाना पेठेत इलाहीभाई तांबोळींनी बुश काढले,
गनमेटलचे, सोनेरी कीस त्यांच्या मिशीत.
"खेळ किती ठेवू?"
अजिबात नको, मी म्हटलं.
लेथ थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
"गरम झालं की पिन धरून बसेल ते, साहेब.
सैल ठेवलं तर गियर शोधत फिराल.
पतंगाच्या कागदाइतका ठेवतो."
एवढी वर्षं मी हेच मायक्रॉनमध्ये म्हणत होतो.

परवा रात्री अकराला विटा काढल्या.
फर्निचरवाल्याचा राखणदार, यल्लप्पा, रस्त्यावर उभा राहिला
कुत्री आणि दुचाक्या आवरायला.
चैत्राली स्टिअरिंगवर,
मी शेजारी, सीट बसवलेली नाही म्हणून
सनमायकाच्या तुकड्यावर.
पहिला. पहिलाच.
दुसरा, पाठीमागून एक छोटासा खट्,
कानाच्या मागे कोणी चुटकी वाजवावी तसा.
कॅनॉलच्या पुलापर्यंत तिसराही.
तिने माझ्याकडे बघितलं नाही,
मीही तिच्याकडे नाही.

पुलाशी रस्ता खणलेला.
वळायला जागा नव्हती.
रिव्हर्स.
तो सापडेना.
आधी न मागता पहिल्यांदा आला होता,
आता लिव्हर उजवीकडे, खाली, पुन्हा उजवीकडे,
आणि जाळीवर लोखंड घासल्यासारखा आवाज.
यल्लप्पा चालत चालत पोचला.
काही न विचारता त्याने बोनेटला हात लावले,
ज्याच्याखाली काहीच नाही.
मी दुसऱ्या बाजूला.
"न्यूट्रलमध्ये ठेव गं."

आज बसमध्ये, सिंहगड रोडला,
उजव्या गुडघ्यापाशी माझा डावा हात
आपोआप उजवीकडे, खाली.
शेजारच्या बाईंनी पर्स जवळ घेतली.
आडवी केबल अर्धा सूत कमी ओढतेय, बहुतेक.
शनिवारी बघू.