अवतरणचिन्ह

पंधरा दिवस पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं:
अडवू नकोस कुणाला, नुसतं लिही.
कुठला प्रोग्राम कुठल्या फायलीला हात लावतो,
वाचायला की पुसायला, किती वाजता.
त्या वहीवरून नियम आपोआप तयार होतील
आणि सोळाव्या दिवशी
वहीत नाही तो दाराबाहेर.

सोळाव्या दिवशी दमयंती पेडणेकर दाराबाहेर.

माझगावात, गोदीच्या भिंतीला लागून, दुसरा मजला,
डांबरगोळ्यांचा वास अजून न गेलेली रेकॉर्ड रूम.
एसीखाली बादली. बादलीत टप टप.
बाई तीन वर्षं जन्मनोंदींची रजिस्टरं स्कॅन करतायत
आणि फोल्डरला नाव देताना हात आखडत नाहीत:
"डोंगरी जन्मनोंद पान फाटलेलं उजवीकडून".
असंच, देवनागरीत, शब्दाशब्दांत जागा सोडून.

पडद्यावर: परवानगी नाही.

"माझं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं.
"इंग्रजीत देऊ का नावं? की नुसते आकडे, एक दोन तीन?"
"थांबा," मी म्हटलं. तेवढंच सुचलं.

लॉग उघडला. अठ्ठेचाळीस हजार ओळी.
साध्या नावांना दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं, शिस्तीत.
पण बाईंचं फोल्डर असायला हवं तिथे
ई शून्य ए चार, ई शून्य ए पाच, ई शून्य ए चार,
उघडंच,
तापात दातावर दात वाजावेत तसं.
एकेका अक्षराचे तीन तीन तुकडे.
मध्येच एक वीस: ती मोकळी जागा.

कर्नल इमानदार. त्यानं नाव टाकलं नव्हतं,
गुंडाळून ठेवलं होतं.
ते न उलगडता ओळच्या ओळ सोडून देणारा
आमचा पार्सर.
आणि वर चकार शब्द नाही.
चुकणाऱ्या कोडचं मी समजू शकते,
गप्प बसणाऱ्याचा राग येतो.

दुरुस्ती सोपी वाटली. शून्य ते नऊ, ए ते एफ,
एवढंच असेल नावात, तर उलगड.
साडेपाचला फोल्डर उघडलं. बाई डबा धुवायला गेल्या.
मी श्रेय घेतलं, मनातल्या मनात.

रात्री पावणेबारा, मी अजून तिथेच.
वसईहून इनासचा फोन:
"टूल कोसळलंय. बॅकअप अडलाय.
तू दादाला काय केलंस?"

दादा म्हणजे निवृत्त झालेल्या खोतसाहेबांची स्क्रिप्ट,
रोज रात्री सगळ्या मशिनींना दम देऊन बॅकअप उकळणारी.
नाव मोठ्या रोमन अक्षरांत:
डी, ए, डी, ए.
चारही अक्षरं ए ते एफमधली.
माझ्या शहाण्या कोडनं दादाला संकेत समजून सोललं.
निघाले दोन अर्धवट बाइट,
कुठल्याच लिपीत न बसणारे.

हसू आलं आधी.
मग दिसलं: ओळ हातात घेतल्या घेतल्या
मी अवतरणचिन्हं उपटून टाकत होते, केर म्हणून,
आणि मग विचारत होते, हे नाव की संकेत?
उत्तर नुकतंच सुपातून बाहेर गेलेलं.

एक ओळ चार ओळी वर नेली.
आधी चिन्ह बघ. असेल तर नाव आहे, हात लावू नकोस.
नसेल तर उलगड.
चाचण्यांत दोन नावं घातली, शेजारी शेजारी:
दादा, आणि फाटलेलं पान.
"बाबा नावाची पण आहे का रे एखादी स्क्रिप्ट?"
इनास थोडा वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, "अगं, बाबाही बी आणि ए मधलाच की."
तोही घातला.

गोदीकडून एक भोंगा झाला आणि थांबला.
सकाळी बाई पुन्हा विचारतील,
म्हणून आत्ताच ठरवून ठेवलंय:
आकडे नकोत. होतं तसंच लिहा,
पान कुठल्या बाजूनं फाटलंय तेसुद्धा.

बादली ओतायची राहिली.