घोट्याचं हाड

उणे एकतीस. हातमोजा काढल्याशिवाय पान उलटत नाही
आणि काढला की बोटं आपली राहत नाहीत.
म्हणून उलानबातरच्या या गल्लीत
लोक पुस्तक पटकन निवडतात.

ही मुलगी नाही निवडत.
झावखानकडची. नाव त्सेल्मेग. पहिल्या वर्षाला.
मी तीन पुस्तकं मांडली तिच्यापुढे.

पहिलं रशियन, माझ्या वयाचं,
धमन्या लाल, शिरा निळ्या होत्या एके काळी,
आता दोन्ही चहाच्या रंगाच्या.
फॉर्मलिनचा वास मी पुठ्ठ्यावरून ओळखतो,
छत्तीस वर्षं विच्छेदनगृहाची फरशी धुतली आहे.

दुसरं परदेशी, नवं, दोन लाख ऐंशी हजार तुग्रिक.
त्यातला माणूस कधी म्हातारा झालेला नाही,
चरबी तर त्याच्या अंगावर औषधालाही नाही.

तिसरं झेरॉक्स. आमच्याच प्राध्यापकांनी भाषांतर केलेलं.
शीर करडी, धमनी करडी,
कुठली कुठे जाते ते विश्वासावर घ्यायचं.
"परीक्षेत प्रश्न यातूनच येतात," मी सांगितलं.
हाडाचा दुकानदार नाही मी,
खरं बोलून जातो.

सगळे आधी हृदय उघडतात.
मुलगे दुसरंच काही उघडतात आणि मागे वळून बघतात.
हिने पाऊल उघडलं. तिन्ही पुस्तकांत पाऊल,
पावलात घोटा, घोट्यात ते एक हाड.
मग खिशातून मेंढीचं काढलं,
आमची पोरं खेळतात ना, ते शगाई,
आणि पानावर टाकलं.
घोडा पडला.
"माणसाचं असं टेकणार नाही," ती म्हणाली,
"पण कसं पडेल, ते कोण दाखवतंय?"

नव्याने दाखवलं होतं एका बाजूने, देखणं.
झेरॉक्सने तीन बाजूंनी, त्यातली एक उलटी छापलेली.
जुन्याने सहाही बाजूंनी,
जणू चित्रकाराने ते बराच वेळ हातात फिरवलं असावं.

ती आठ वर्षांची असताना बापाने तिचा हात
स्वतःच्या हातासोबत मेंढीच्या छातीत नेला होता,
वीतभरही नसलेल्या चिरेतून.
जीव मुठीत धरणं हे तिच्याकडे
बोलायची रीत नाही, शरद सरतानाचं काम आहे.
रक्ताचा थेंब जमिनीवर पडू द्यायचा नाही.
"इथे ती धमनी लाल आहे," ती पानाला म्हणाली,
"मला ती गरम म्हणून माहीत आहे."

मी खारट चहा ओतला. दोन कप.
मग सांगितलं, जे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही:
चार नंबरच्या टेबलावर एक बाई होती, बेवारस,
तिच्या हातातली एक धमनी कोपराच्या किती तरी वरच दुभंगलेली.
एक मुलगा पुस्तक तिच्या शेजारी धरून उभा राहिला,
खाली बघ, वर बघ, आणि शेवटी म्हणाला,
हा देह चुकलाय.

जे पुस्तक जास्त वेळा 'बहुधा' म्हणतं
ते घे, पोरी.

ती बाकावर बसून 'बहुधा' मोजत राहिली.
काच आतून गोठली. एक गिऱ्हाईक येऊन शब्दकोश विचारून गेलं.
किती भरले ते तिने सांगितलं नाही.
पैसे झेरॉक्सपुरतेच होते. झेरॉक्स घेतलं.
रशियन मात्र ठेवून द्या म्हणाली,
वसंतात बकऱ्यांची लोकर विकली की येते,
आणि विसार म्हणून ते हाड
त्या पानात ठेवून गेली.

पुस्तक आता नीट मिटत नाही.
कोणी किंमत विचारली तर मी
चष्मा शोधतो.